दोन कुंच्या आणि एक आत्या

अकोल्याहून निघताना आमच्या यांनी मला एकच गोष्ट बजावून सांगितली होती. गाडीत अनोळखी माणसांना कर्णाबद्दल विचारायचं नाही. मी हो म्हटलं, आणि शेगाव मागे पडायच्या आत समोरच्या बाकावरच्या गृहस्थांना विचारून मोकळी झाले की, कर्ण हा नकुल-सहदेवांचा कोण लागतो?

गृहस्थ भले होते. म्हणाले, सावत्र भाऊ. कर्ण कुंतीचा, ते दोघे माद्रीचे. मी म्हटलं, तो झाला आईकडून. आता बापाकडून बघा. माद्रीला ही जुळी झाली अश्विनीकुमारांपासून. अश्विनीकुमार हे सूर्याचे मुलगे, आणि कर्णही सूर्याचाच. म्हणजे कर्ण हा नकुल-सहदेवांच्या बापाचा भाऊ. सावत्र का होईना, पण काका. आता युद्धात त्यांच्यासमोर उभा राहिला तो भाऊ म्हणायचा की काका? गृहस्थांनी थोडा वेळ विचार केला, मग टोपी डोळ्यांवर ओढली आणि मनमाडपर्यंत ती काढली नाही.

वाचकांपैकी जे आमच्या मंडळात येतात त्यांना माझा हा आजार ठाऊक आहे. तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर प्रवचनं सांगायला लागले. बाकीच्या प्रवचनकार मंडळींना मोक्षात रस असतो, मला पुराणातल्या जुळ्यांच्या आईबापांत. घोळच तसा आहे. सूर्याची बायको संज्ञा नवऱ्याच्या तापाला कंटाळली आणि आपल्या जागी आपली सावली ठेवून घर सोडून गेली. घोडी होऊन रानात चरत बसली. सूर्याला हे बऱ्याच उशिरा कळलं, हे मी प्रवचनात जरा थांबून सांगते, कारण तिथे बायका हमखास हसतात. मग तोही घोडा होऊन गेला आणि त्यातून अश्विनीकुमार जन्मले, तेही जुळे. या जुळ्यांना पुढे माद्रीने बोलावलं. कुंतीने तिला मंत्र उसना दिला होता तो एका वेळेपुरता. माद्री हुशार, तिने एका मंत्रात जोडदेवच बोलावले आणि दोन मुलगे पदरात पाडून घेतले. कुंतीला ती चलाखी जन्मभर खुपली. आणि या सगळ्यात कुठला अश्विनीकुमार नकुलाचा बाप आणि कुठला सहदेवाचा, हे कुणीच लिहून ठेवलेलं नाही. इथे मी बोटांवर मोजते. एक आई, दोन देव आणि तिसरे पंडुराजे, ज्यांचं आडनाव लागलं. बायका सभागृह डोक्यावर घेतात.

तर अशी मी, तळेगावला उतरले. शाळेतली मैत्रीण वसुधा तिथे राहते. बँकेतून निवृत्त झाली, गुडघे दोन्ही दुखतात, आणि तरीही पाहुणीला मावळ दाखवायचा तिचा हट्ट. मार्गशीर्ष लागला होता. आपल्याकडे तेव्हा कापसाची वेचणी, तिकडे भाताची झोडणी. सकाळी हवेत ओल्या पेंढ्याचा वास आणि अंगावर शाल लागतेच. आपल्या सपाट मुलखातल्या माणसाला आधी हे डोंगर अंगावर आल्यासारखे वाटतात. दोन दिवसांनी मात्र ते नसते तर आकाश कुठे संपतं ते कळलं नसतं असं वाटायला लागतं.

पहिल्या दिवशी इंदुरीला गेलो. इंद्रायणीच्या काठावर गढी आहे, तिचा दरवाजा अजून भक्कम आहे आणि बुरुजावर शेळ्या चढलेल्या असतात. खाली नदीच्या बाजूला एक आबा खाचरातला (भाताच्या बांधलेल्या शेतातला) पेंढा रचत होते. वसुधाने डोळे वटारले, पण मी विचारलंच. आबांनी माझं सगळं ऐकून घेतलं, अगदी घोडीसकट. मग पेंढी खाली ठेवली.

"दोगं द्येव संगं आलतं का न्यारं न्यारं?"

"एकदमच आले होते."

"मंग दोगंबी दोगांचं," ते म्हणाले आणि पुन्हा पेंढी उचलली. इतक्या वर्षांत मला इतकं सरळ उत्तर कुणी दिलं नव्हतं. मी ते वहीत लिहून घेतलं, आणि वसुधाने मला हाताला धरून रिक्षात बसवलं.

दुसऱ्या दिवशी लोहगड. तळेगावहून लोकलने मळवली, तिथून जीपने गायमुख खिंडीवरून लोहगडवाडी. जीपमध्ये ड्रायव्हरच्या बाजूला आम्ही दोघी आणि मागे कॉलेजची पोरं, त्यातल्या एकाच्या पिशवीतून स्पीकर वाजत होता. गड चढायला पायऱ्या आहेत, चांगल्या रुंद. वसुधा पहिल्या दरवाजापाशीच दगडावर बसली. मी वरपर्यंत गेले आणि विंचूकाटा पाहिला. डोंगराची ती लांब सोंड वाळलेल्या गवताने पिवळी झाली होती आणि टोकाला उभं राहून पवनेचं पाणी दिसलं. तिथे उभी असताना बऱ्याच वर्षांत वाटलं नव्हतं इतकं बरं वाटलं, हे मोकळेपणाने लिहिते. उतरताना मात्र उजव्या चपलेचा तळवा सुटला. एका हाताने भिंत धरत आणि पाय घासत खाली आले, आणि वसुधा ते पाहून दगडावरून पडायची बाकी राहिली.

वाडीतल्या पहिल्याच टपरीवर टेकलो. टपरी चालवणाऱ्या मावशींचं नाव हौसाबाई. सत्तरीच्या आतबाहेर, नऊवारी नेसलेल्या, चुलीपुढे बसून तांदळाच्या भाकऱ्या थापत होत्या. माझी चप्पल त्यांनी न बोलता काढून घेतली, सुतळीने करकचून बांधली आणि परत दिली. मग पिठलं, भाकरी, ठेचा आणि ताक पुढ्यात आलं. आपल्याकडच्या ज्वारीच्या भाकरीची सवय असलेल्या माणसाला ही भाकरी आधी फिकी लागते, पण दुसरी मागून घेतली जाते. मी तिसरीही घेतली.

जीपमधली पोरं तिथेच खात होती. पोट भरलेलं, समोर आयते श्रोते, मला राहवेना. माद्रीची गोष्ट सुरू केली. पोरं खूश झाली, स्पीकर बंद झाला. मी बोटांवर बाप मोजले आणि ठरल्या जागी हशा पिकला. तेवढ्यात भाकरी थापायचा आवाज थांबल्याचं माझ्या लक्षात आलं. हौसाबाई माझ्याकडे बघत होत्या.

"म्हंजी बाई, जुळ्याला दोन बाप आसत्यात?"

मी हशाच्या नादात होते. म्हटलं, असतात की मावशी, पुराणातच पुरावा आहे. पोरं पुन्हा हसली. हौसाबाई हसल्या नाहीत. त्यांनी भाकरी तव्यावर टाकली आणि माझ्याकडे पाठ केली. मला कळलं की काहीतरी चुकलं, पण काय ते पोरं गडाकडे निघून जाईपर्यंत कळलं नाही.

मग त्या येऊन आमच्या बाकावर बसल्या आणि सगळं सांगितलं. त्यांचा मुलगा संतोष तळेगावच्या बाजूला एका कारखान्यात कामाला आहे. सून पूजा, माहेर कुसगावचं. लग्नाआधी ती लोणावळ्यात एका हॉटेलात काउंटरवर कामाला होती आणि लग्नानंतरही वर्षभर जात होती. तिला जुळे मुलगे झाले, एक सावळा आणि थोराड, दुसरा गोरापान आणि बारका. पहिलं बाळंतपण म्हणून ती माहेरीच आहे. दोन्ही बाळं ठणठणीत आहेत. पण वाडीत कुणीतरी बोललं की दोन रंगांची पोरं म्हणजे दोन बाप. एकीच्या तोंडून दुसरीच्या तोंडी, असं करत ते हौसाबाईंच्या लेकीच्या सासरपर्यंत पोचलं. लेकीचं नाव सुनंदा. बाळांची ती एकुलती एक आत्या. जावांनी तिला हसून हसून बेजार केलं, आणि तिने आईला निरोप पाठवला की बारशाला येईन, पण नाव ठेवीन ते सावळ्याचं, आमच्या बापाचं, किसनआबांचं. दुसऱ्याचं नाव मी ठेवणार नाही, तो आमचा नाही.

"आन पूजा म्हनती, दोगांची नावं ठिवली तरच लोहगडवाडीला यीन. न्हाईतर न्हाई. ती बोलती तशी करती बाई. माजी दोनी नातवंडं तितंच ऱ्हात्याल."

मी विचारलं, मुलगा काय म्हणतो? मावशींनी पदराने तोंड पुसलं. तो म्हणतो दोन्ही माझीच आहेत, पण ते बायकोजवळ म्हणतो, बहिणीपुढे त्याच्या तोंडातून शब्द निघत नाही. डॉक्टरीणबाईंनी दोनदा समजावून सांगितलं आहे की ही वेगवेगळ्या बीजांची जुळी आहेत, साध्या भावंडांसारखीच, ती वेगळी दिसणारच. पण डॉक्टरीण लोणावळ्याची आणि बोलणारी माणसं वाडीची.

"तुमी पोथी सांगता न्हवं? गुरवारी बारशाला कुसगावला या. चार मानसांत काईतरी चांगलं सांगा. पोथीतलं ऐकत्यात मानसं."

वसुधाने बाकाखालून माझ्या पायावर पाय दिला, त्याच सुतळीच्या चपलेवर. मी तरी हो म्हटलं. खरं तर लाज वाटली होती म्हणून म्हटलं.

गुरुवारी लोणावळ्याला उतरलो तर स्टेशनबाहेर संतोष मोटारसायकल घेऊन उभा. उंच, सावळा, ओशाळल्यासारखा चेहरा. आम्हा दोघींना तो मोटारसायकलवर कसा नेणार होता हे त्याने ठरवलेलं नव्हतं. शेवटी आम्ही रिक्षात आणि तो पुढे, असे कुसगावात शिरलो. मोठ्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना हॉटेलं, फाटकाशी खोटे धबधबे, चिक्कीची दुकानं ओळीने, मग एका हॉटेलच्या भिंतीला लागून गल्ली आत वळते आणि लगेच गाव सुरू होतं. शेणाने सारवलेलं अंगण, दारात भाताची रास, राशीवर कोंबड्या. भिंतीपलीकडून पोहण्याच्या तलावातल्या पोरांचा गिलका ऐकू येत होता आणि अलीकडे बायका घुगऱ्या (शिजवलेले हरभरे) द्रोणांत भरत होत्या.

पूजा आतल्या खोलीत होती. मी दोन झबली तिच्या हातात दिली. चोवीस-पंचवीसची, डोक्याला स्कार्फ, डोळ्यांखाली जागरणं. मला म्हणाली, "तुम्ही त्या गोष्ट सांगणाऱ्या ना? आईंनी सांगितलं." आणि झबली बाजूला ठेवली. तिने तोपर्यंत काय काय ऐकलं असेल याचा मला अंदाज आला आणि मी बाळांकडे वळले. खरंच एकमेकांना न शोभणारी जोडी होती. सावळा मुठी वळून जगाशी भांडायच्या तयारीत, गोरा शांत झोपलेला, कपाळावर नाणं ठेवावं एवढी काजळाची तीट.

सुनंदाबाई अंगणातच दिसल्या. चाळिशीच्या, अंगापिंडाने आईवर गेलेल्या, कोऱ्या करकरीत जांभळ्या साडीत. ओठ घट्ट मिटलेले. आत येऊन त्यांनी सावळ्याला उचललं, त्याची अलाबला घेतली आणि दुसऱ्याकडे बघितलंसुद्धा नाही. पूजाने ते पाहिलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

मग हौसामावशींनी सगळ्या बायकांना बसवलं आणि सांगितलं की बाई अकोल्याहून आल्यात, दोन शब्द सांगतील. मी उभी राहिले. आता वाचकहो, तीस वर्षं पोरांना निबंध कसा लिहावा हे शिकवलेल्या बाईने काय करावं? मुद्दा काढावा आणि त्याला साजेसं उदाहरण द्यावं. मी म्हटलं, जुळी मुलं म्हणजे देवाचा प्रसाद. आपल्या पांडवांतही जुळे होते. नकुल आणि सहदेव. त्यांचा जन्म कसा झाला हे कुणी विचारलं नाही. अश्विनीकुमार दोघे आले, पण मुलं पंडूची म्हणूनच वाढली, त्यांना पांडवच म्हणाले. सगळ्या बायका माना डोलवत होत्या. मी जरा फुशारले. तेवढ्यात सुनंदाबाई बसल्या जागेवरून बोलल्या.

"म्हंजी बाप दोन हुतंच की. तवा द्येव येत हुतं. लोनावळ्याच्या हॉटेलात कोन येतं ते बी सांगा."

मला त्या क्षणी कळलं की मी अख्ख्या पुराणातून नेमकं तेच उदाहरण उचलून आणलं होतं ज्यात आरोप खरा ठरतो. वसुधाने कपाळाला हात लावला. लव-कुशांकडे वळावं तर ते आणखी अवघड, तिथे तर लोकांच्या बोलण्यावरून बाईला घराबाहेर काढलेलं. पूजा रडली नाही. ती उठली आणि म्हणाली, चला, पाळणा करून घ्या. तिच्या आवाजाने मला जास्त लागलं.

बारशाची तिकडची रीत अशी. बाळाला कुंची घालतात, म्हणजे डोकं आणि पाठ झाकणारं टोपरं, आणि दोन सवाष्णी पाळण्याच्या दोन बाजूंना उभ्या राहून बाळाला पाळण्याखालून आणि पाळण्यावरून एकमेकींकडे देतात, पाच वेळा. मग बाळ पाळण्यात निजवतात, आत्या वाकून कानात कुर्रर्र करते आणि नाव सांगते. ती वाकली की बाकीच्या बायका तिच्या पाठीत बुक्क्या घालतात. ही गंमत आपल्याकडेही आहे, पण मावळात बुक्क्या जरा मनापासून घालतात.

मामाने दोन्ही बाळांना एकसारख्या लाल कुंच्या आणल्या होत्या, पुढे सरकून नाकापर्यंत येतील एवढ्या मोठ्या. सुनंदाबाईंनी सांगून ठेवलं, सावळा उशाला आणि दुसरा पायथ्याला निजवा, मी उशाशी वाकणार. देवाणघेवाणीला एका बाजूला पूजाची मामी उभी राहिली आणि लांबची पाहुणी म्हणून दुसऱ्या बाजूला मला उभं केलं. नाही म्हणायला मला सुचलं नाही. डोक्यात सुनंदाबाईंचं वाक्य घुमत होतं. वरून एक, खालून एक, पुन्हा वरून एक. बाळं दोन, हात चार, बायका मोठमोठ्याने पाळणा म्हणत होत्या. पाचव्यांदा माझ्या हातात आलेलं बाळ मी उशाला निजवलं, मामींनी त्यांचं पायथ्याला.

आमचे हे म्हणतात की मी मुद्दाम केलं. शपथेवर सांगते, मुद्दाम नव्हतं. एवढी अक्कल वेळेवर सुचली असती तर मी ते भाषणच केलं नसतं.

सुनंदाबाई उशाशी वाकल्या. कुंचीला तोंड लावून कुर्रर्र केलं आणि स्पष्ट आवाजात, साऱ्यांना ऐकू जाईल असं, आपल्या बापाचं नाव घेतलं. किसन. त्याबरोबर पाठीवर बुक्क्यांचा पाऊस पडला. आल्यापासून सुनंदाबाईंचा राग आलेल्या बायका बऱ्याच होत्या आणि त्यांना अशी संधी पुन्हा मिळणार नव्हती. मामींनी तर कोपरापासून हात वापरला. या गोंधळात बाळ दचकलं, मान वळवली आणि कुंची मागे सरकली. खाली गोरं कपाळ आणि त्यावरची काळी तीट.

कुणीतरी हसलं. मग सगळ्याच हसल्या, वसुधा तर डोळे पुसत होती. एक म्हातारी म्हणाली, ठिवलं त्ये ठिवलं, कानात गेल्यालं नाव माघारी येत न्हाई. आणि खरंच, तशी रीतच आहे. सुनंदाबाई पाळण्याची दोरी धरून उभ्या होत्या, तोंड लालबुंद. मला वाटलं, सुटलं सगळं. पुराणाने नाही तर माझ्या धांदरटपणाने. मी जवळजवळ टाळीच दिली असती.

पण पूजा पुढे आली. ती हसत नव्हती.

"चुकून दिलेलं नाव नको मला," ती म्हणाली. "अक्का, कुंची मागेच राहू दे. त्याचं तोंड बघा. बघून ठेवायचं असेल तर ठेवा. नसेल तर तसं सांगा, मी दोघांना घेऊन इथंच राहते. उद्या कुणी त्याला म्हणायला नको, तुझं नाव चुकून पडलंय."

हशा जागच्या जागी थांबला. दारात चहाचा ट्रे घेऊन आलेला संतोष तसाच उभा राहिला. सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं आणि त्याने काही बोलावं म्हणून दोन क्षण वाट पाहिली. तो बोलला, पण इतकं हळू की मला, अगदी पाळण्याशी असलेल्या बाईला, जेमतेम ऐकू आलं. "अक्का, माजी हायेत गं." सुनंदाबाईंनी मान वर केली नाही.

तेव्हा हौसामावशी उठल्या. लेकीजवळ गेल्या आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून तिच्या कानाशी बोलल्या. मी हातभर अंतरावर होते म्हणून ऐकलं. बाळांची सोडून बाकीची नावं इथे मी बदलली आहेत, आणि पुढचं लिहू का म्हणून मावशींना नंतर फोनही केला होता. लिवा की, माजं आता कोन काय मोजनार, असं त्या म्हणाल्या.

"सुनंदे, तू सातव्या म्हयन्यात जल्माली. तुजा बाप घाटात रेल्वेच्या कामावर, म्हयना म्हयना घरी न्हाई. सारी वाडी माज्याकडं बघून बोटं मोजत हुती. तुज्या आत्यानं न्हाई मोजली. आली, वाकली, तुजं नाव ठिवलं आन बुक्क्या खाऊन घरला गेली."

सुनंदाबाईंनी आईकडे बघितलं. हे त्यांना आजवर कुणी सांगितलं नव्हतं हे उघड दिसत होतं. भिंतीपलीकडे कुणीतरी पाण्यात उडी मारली त्याचा आवाज आला. मग त्या खाली वाकल्या, यावेळी हळू. गोऱ्या बाळाची कुंची पुरती मागे केली, त्याच्याकडे चांगलं निरखून बघितलं, जसं बाजारात कापड बघतात तसं, आणि त्याच्या कानाशी पुन्हा म्हणाल्या, किसन. किसन संतोष. बापाचं नावही त्यांनी जोडलं.

कुणी हात उचलला नाही. बायका तशाच उभ्या राहिल्या. सुनंदाबाई वाकलेल्याच राहिल्या, पाठ पुढे करून. मग पूजा आली, पदर कमरेला खोचला आणि नणंदेच्या पाठीत एक सणसणीत बुक्की घातली. सगळ्यांनी ऐकली. सुनंदाबाई कळवळल्या, सरळ झाल्या आणि म्हणाल्या, आता दुसऱ्याला बी हितं आना, त्याचं काय नाव ठिवायचं ते सांगा, मी तर येकच धरून आलते. पूजाने सुचवलं, बळीराम. सावळ्याच्या कानात ते गेलं आणि त्याने भोकाड पसरलं.

माझ्या मात्र ओठांवर आलं होतं. काळा तो कृष्ण आणि गोरा तो बळीराम, हे पुराणात पक्कं, आणि इथे नेमकं उलटं झालेलं. शिवाय बळीराम गर्भात होता देवकीच्या आणि जन्मला रोहिणीला, म्हणजे त्याचाही आईबापांचा मोठाच घोळ. असली गाठ मला एरवी सहा महिने पुरली असती. वसुधाने माझ्याकडे बघितलं. मी घुगऱ्यांचा द्रोण उचलला आणि तोंड भरून घेतलं.

परतताना संतोष स्टेशनपर्यंत सोडायला आला. चिक्कीचे दोन डबे त्याने हातात कोंबले आणि मागे फिरला. लोकलमध्ये वसुधा गुडघे चोळत होती आणि मी खिडकीतून झोडणी झालेली खाचरं बघत होते. एक गोष्ट मात्र मनातून जाईना. इतकी वर्षं मी माद्रीच्या गोष्टीवर हशे मिळवले. त्या सभागृहांमध्ये कुठल्या कोपऱ्यात कुणी हसत नव्हतं का, हे एकदाही बघितलं नाही. मी प्रत्येक वेळी बाप मोजले. माद्रीला त्या दोन मुलांना मांडीवर घेऊन सगळ्यांच्या नजरेला नजर द्यावी लागली असेल, हे माझ्या टिपणांत कुठेच नाही. याचं मला वाईट वाटलं आणि अजून वाटतं.

पंधरा दिवसांनी हौसामावशींचा फोन आला. पूजा दोन्ही पोरांना घेऊन वाडीला आली आहे. सुनंदाही आली आहे आणि गोऱ्याला खांद्यावर घेऊन टपरीवर उभी असते. गडावर येणाऱ्यांपैकी कुणी दोन्ही बाळांकडे बघून कुणाची म्हणून विचारलंच तर तीच उत्तर देते, आमची. त्यापुढे कुणी काही विचारलं की ती माणसांना ताकाचे पैसे आधी द्यायला लावते, असं मावशी हसत सांगत होत्या.

गेल्या महिन्यात मंडळात माद्रीची गोष्ट पुन्हा सांगायची वेळ आली. बोटं मोजायची जागा आली तेव्हा समोरच्या बायका हसायच्या तयारीत बसल्या होत्या. मी हात मांडीवर ठेवले. म्हटलं, माद्रीला दोन मुलगे झाले, आणि तिने दोघांनाही आपल्या हाताने न्हाऊ घातलं. मागच्या रांगेत एक तरुण बाई बसली होती, तिला मी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. ती रुमाल काढून डोळे पुसत होती, आणि तिला मी काही विचारलं नाही.